शब्दवेध : पश्चात्ताप

'पश्चात्' म्हणजे नंतर, 'ताप' म्हणजे पोळणं. चूक घडून गेल्यावरची होरपळ. मराठी बायबलमध्ये हाच शब्द ग्रीक 'मेटानोइया'साठी येतो. त्यात मात्र पोळणं नाही, 'नूस' म्हणजे मन आहे: मन पालटणं आणि त्यासोबत जगणंही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण पोळलेला माणूस होता तसाच राहू शकतो.

असं मन पालटणं कवी ना. वा. टिळकांच्या आयुष्यात दिसतं. १८९३ साली रेल्वेप्रवासात त्यांना एका सहप्रवाशानं नवा करार दिला. एवढा विद्वान कवी, पण त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापुढे विद्यार्थी झाला. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मन आपल्या गतीनं, सोवळ्याओवळ्याशी झुंजत वळलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा.