पिंक फ्लॉइडची गाणी नेमकी कशाबद्दल आहेत? चाहत्यांचे तर्क आणि त्यामागची खरी गोष्ट

कुणाचा जुना मित्र गेला, कुणाचं ब्रेकअप झालं, कुणी नोकरीसाठी देश सोडला, की सोशल मीडियावर एक इंग्रजी गाणं हमखास फिरायला लागतं. 'विश यू वर हिअर'. सुरुवातीची गिटार जुन्या रेडिओवर लागल्यासारखी दुरून ऐकू येते आणि खाली कमेंटमध्ये वाद सुरू होतो. एक जण लिहितो, हे गाणं सिड बॅरेटसाठी आहे. दुसरा म्हणतो, नाही, रॉजर वॉटर्सनं ते स्वतःबद्दल लिहिलंय. तिसऱ्याला त्यात ड्रग्ज दिसतात. गाणं १९७५ चं आहे, वाद अजून ताजा आहे.

पिंक फ्लॉइड हा लंडनमध्ये १९६५ साली जमलेला ब्रिटिश बँड. तो 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या प्रकारात मोडतो. म्हणजे तीन मिनिटांचं नाच-गाणं करण्याऐवजी लांबलचक रचना, शास्त्रीय आणि जॅझ संगीताचे संस्कार, चित्रविचित्र ध्वनी आणि अख्ख्या अल्बममधून उलगडणारा एकच विषय. असा अल्बम ऐकणारा साहजिकच अर्थ शोधत बसतो. पण या बँडच्या बाबतीत या शोधाच्या मधोमध एक खराखुरा माणूस उभा होता, आणि त्याला या सगळ्याचा त्रासही झाला. म्हणून गोष्ट त्याच्यापासून सुरू करू.

सिड बॅरेट कोण होता?

रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिक राइट हे तिघे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकत होते. सिड मूळचा केंब्रिजचा, चित्रकलेचा विद्यार्थी. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावं जोडून बँडचं नाव ठेवलं ते त्यानंच. १९६७ चा पहिला अल्बम 'द पायपर अॅट द गेट्स ऑफ डॉन' जवळपास सगळा त्याचाच. अल्बमचं नावही केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' या मुलांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचं. परीकथा, अंतराळ, मांजर, सायकल असा सगळा मामला.

त्याच वर्षी सिड ढासळत गेला. एलएसडीचं सेवन आणि बिघडत चाललेलं मानसिक आरोग्य यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, यावर आजही एकमत नाही. स्टेजवर तो गिटार न वाजवता नुसता उभा राहायचा. मदतीला त्याचाच केंब्रिजचा मित्र डेव्हिड गिल्मर आला. जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला जाताना बाकीच्यांनी गाडी सिडच्या घराकडे वळवलीच नाही. भांडण नाही, निरोप नाही, त्याला घ्यायचंच नाही असं ठरलं आणि तसंच पुढे चालू राहिलं. विशीतल्या पोरांनी घेतलेला हा निर्णय पुढची कित्येक वर्षं त्यांच्या गाण्यांत डोकावत राहिला.

'डार्क साइड' आणि सिनेमाची दंतकथा

मार्च १९७३ मध्ये 'द डार्क साइड ऑफ द मून' आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे होता. प्रिझममधून जाणाऱ्या प्रकाशाचं मुखपृष्ठ तर पिंक फ्लॉइडचं एकही गाणं न ऐकलेल्या लोकांच्याही टी-शर्टवर असतं.

चाहत्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट याच अल्बमची आहे. १९३९ चा 'द विझार्ड ऑफ ऑझ' सिनेमा लावायचा, एमजीएमच्या सिंहानं तिसरी डरकाळी फोडली की अल्बम सुरू करायचा, आणि मग म्हणे गाणी आणि दृश्यं एकमेकांना चपखल बसतात. १९९५ मध्ये एका अमेरिकी वर्तमानपत्रात यावर लेख आला आणि दंतकथा जगभर पसरली. साउंड इंजिनिअर अॅलन पार्सन्सनं स्पष्ट सांगितलं की त्या काळी स्टुडिओत व्हिडिओ टेप चालवायची सोयच नव्हती. निक मेसननं तर गंमत केली, की अल्बम 'द साउंड ऑफ म्युझिक'वर बेतलाय. अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा आणि सिनेमा पावणेदोन तासांच्या आसपास. तेवढ्या वेळात योगायोग सापडणारच. न जुळलेल्या जागा कुणी मोजत नाही.

खरी गोष्ट मात्र या दंतकथेपेक्षा जास्त रंजक आहे. अल्बमचा विषय साधा आहे: माणसाला वेड लावणारा दाब. वेळ हातातून निसटणं, पैसा, युद्ध, मरणाची भीती. वॉटर्सनं कार्डांवर प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत सापडेल त्याला ते विचारले. शेवटचं हिंसक वागणं कधी होतं, मरणाची भीती वाटते का, असे. अल्बममध्ये मधूनच ऐकू येणारे आवाज त्या उत्तरांचे आहेत. अगदी शेवटी चंद्राच्या काळ्या बाजूबद्दल बोलणारा आवाज अॅबे रोड स्टुडिओचा दारवान जेरी ओ'ड्रिस्कॉल याचा. पॉल मॅकार्टनीचीही मुलाखत घेतली होती, पण ती वापरली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला वगळून दारवानाला ठेवणं, मला तरी हा या अल्बममधला सगळ्यात अचूक निर्णय वाटतो.

'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये शब्द नाहीत, फक्त एका बाईचा टाहो आहे. ती क्लेअर टोरी. तिला एका सत्राचे ३० पौंड मिळाले. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या रचनेवर राइटच्या बरोबरीनं तिचंही नाव लागतं. 'मनी' सात मात्रांत चालतं. आपल्या रूपक तालाच्या मात्राही सात, पण साम्य तेवढंच. आणि 'अस अँड देम' हे युद्धावरचं गाणं म्हणून ओळखलं जातं, पण त्याची चाल राइटनं आधी 'झॅब्रिस्की पॉइंट' या सिनेमातल्या दंगलीच्या दृश्यासाठी बांधली होती. दिग्दर्शकानं ती नाकारली, मग ती इथे आली.

या अल्बममधलं 'ब्रेन डॅमेज' मात्र सिडशी जोडलेलं आहे, हे वॉटर्सनंच सांगितलंय. त्यामुळे या बाबतीत चाहत्यांचा अंदाज बरोबर आहे.

मग 'विश यू वर हिअर' कुणाचं?

१९७५ चा हा अल्बम 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' या नऊ भागांच्या रचनेनं सुरू होतो आणि त्याच रचनेनं संपतो. मध्ये तीन गाणी. सगळं जमून आलं ते गिल्मरच्या गिटारवर सापडलेल्या चार सुरांमधून. ते सूर ऐकून वॉटर्सला सिड आठवला.

जून १९७५ मध्ये याच रचनेचं काम सुरू असताना स्टुडिओत एक जाडजूड माणूस येऊन उभा राहिला. डोकं आणि भुवयाही भादरलेल्या. कुणीतरी तंत्रज्ञ असेल असं वाटून बराच वेळ कुणी लक्ष दिलं नाही. तो सिड होता. ओळख पटली तेव्हा काहींना रडू आवरलं नाही. घटना खरी आहे. मात्र त्या दिवशी नेमकं काय वाजत होतं आणि तो काय म्हणाला, हे बँडमधल्या प्रत्येकाला वेगळं आठवतं. इंटरनेटवर फिरणारे त्या दिवसाचे रसभरीत संवाद म्हणूनच जपून घ्यावेत.

आता मूळ वाद. वॉटर्सनं त्या काळातच सांगितलं होतं की 'शाइन ऑन'मधला सिड हे फक्त प्रतीक आहे. विषय आहे माणसाचं हजर असून हजर नसणं. शीर्षकगीताबद्दलही तो म्हणतो की ते स्वतःच्याच आयुष्यात नीट हजर असण्याबद्दल आहे. प्रचंड यशानंतर बँडची अवस्था तशीच झाली होती. सगळे स्टुडिओत, मन कुणाचंच नाही. गिल्मर मात्र सांगतो की सिडची आठवण न येता हे गाणं त्याला म्हणताच येत नाही. २००५ मध्ये लाइव्ह ८ च्या मंचावर चौघं पुन्हा एकत्र आले, तेव्हा याच गाण्याआधी वॉटर्सनं सिडचं नाव घेतलं. म्हणजे कमेंटमधले पहिले दोघेही बरोबर. तिसऱ्याला मात्र आधार नाही.

उरलेली दोन गाणी संगीत उद्योगावर चिडून लिहिलेली. 'हॅव अ सिगार' बँडबाहेरच्या रॉय हार्परनं गायलं. त्यात एक रेकॉर्ड कंपनीवाला विचारतो की तुमच्यातला पिंक कोण. हा प्रश्न बँडला खरोखर विचारला गेला होता.

प्राणी आणि भिंत

१९७७ च्या 'अॅनिमल्स'ला ऑर्वेलच्या 'अॅनिमल फार्म'चं संगीतरूप म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. ऑर्वेलचा रोख स्टालिनच्या रशियावर, तर वॉटर्सचा ब्रिटनमधल्या भांडवलशाहीवर. कुत्रे म्हणजे धंद्यातले लचकेतोडे, डुकरं म्हणजे नीतीचे ठेकेदार, मेंढरं म्हणजे बाकी सगळे. मोठी गंमत अशी, की 'डॉग्ज' आणि 'शीप' ही दोन्ही गाणी १९७४ च्या मैफलींत वेगळ्या नावांनी वाजवली गेली होती. प्राण्यांची कल्पना त्यांच्यावर नंतर चढवली. मुखपृष्ठासाठी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर उडवलेला डुकराचा फुगा सुटून हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेला आणि केंटमधल्या एका शेतात उतरला. ही मात्र दंतकथा नाही.

'द वॉल' (१९७९) समजायला दोन गोष्टी पुरतात. वॉटर्स पाच महिन्यांचा असताना, फेब्रुवारी १९४४ मध्ये, त्याचे वडील इटलीतल्या आन्झिओच्या लढाईत मारले गेले. आणि जुलै १९७७ मध्ये मॉन्ट्रियलच्या कार्यक्रमात तो पुढच्या रांगेतल्या एका चाहत्यावर थुंकला. आपण असं केलं याचाच त्याला धक्का बसला आणि श्रोते व स्वतःमध्ये भिंत बांधण्याची कल्पना तिथून आली. अल्बमचा नायक 'पिंक' हा निम्मा वॉटर्स, निम्मा सिड.

'कम्फर्टेबली नम' अमली पदार्थांवरचं गाणं समजून सर्रास शेअर होतं. त्याची मूळ घटना वेगळी. १९७७ मध्ये फिलाडेल्फियात वॉटर्सच्या पोटात असह्य कळा येत होत्या, डॉक्टरनं इंजेक्शन टोचलं आणि हातांना संवेदना नसताना त्यानं अख्खा कार्यक्रम केला. 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग परीक्षेच्या दिवसांत शिक्षणविरोधी गाणं म्हणून फिरतो. वॉटर्सचा राग शिक्षणावर नव्हता, मुलांना हिणवणाऱ्या मास्तरांवर होता. पण गाणं एकदा लोकांच्या हाती गेलं की कविचं चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणावर बहिष्कार टाकणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ते घोषणेसारखं उचललं आणि १९८० मध्ये तिथल्या सरकारनं त्यावर बंदी घातली. हा अर्थ लंडनच्या स्टुडिओत कुणाच्या डोक्यात नव्हता. तरी तो इतर कोणत्याही अर्थाइतकाच खरा आहे.

कोडी, आणि केंब्रिजचं दार

चाहत्यांच्या या खोडीला बँडनं खतपाणीही घातलं. 'एम्प्टी स्पेसेस'मध्ये एक निरोप उलटा ध्वनिमुद्रित केलाय. तो सुलटा केला की गुप्त निरोप शोधल्याबद्दल अभिनंदन मिळतं. वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडल्यानंतरच्या 'द डिव्हिजन बेल'च्या वेळी, १९९४ मध्ये, इंटरनेटवर 'पब्लियस' नावानं कुणीतरी लिहू लागलं की या अल्बममध्ये एक कोडं दडलंय आणि सोडवणाऱ्याला बक्षीस आहे. जुलैमध्ये न्यू जर्सीच्या कार्यक्रमात स्टेजच्या दिव्यांतून 'एनिग्मा पब्लियस' ही अक्षरं उमटली. पुढे मेसननं सांगितलं की ही कल्पना रेकॉर्ड कंपनीची. उत्तर मात्र कधी जाहीर झालं नाही.

सिडच्या बाबतीत हा खेळ राहिला नाही. १९७० मध्ये दोन एकल अल्बम काढून तो हळूहळू केंब्रिजला परतला. रॉजर हे आपलं मूळ नाव त्यानं पुन्हा घेतलं, तो चित्रं काढायचा, बागकाम करायचा. पण 'क्रेझी डायमंड' पाहायला चाहते आणि छायाचित्रकार त्याच्या दारात येत राहिले. त्याला एकटं राहू द्या, असं कुटुंबीयांनी वारंवार सांगितलं. जुन्या दिवसांची आठवण त्याला अस्वस्थ करते म्हणून मित्रही लांब राहिले. पुढे गिल्मरनं याबद्दल खंत बोलून दाखवली. जुलै २००६ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, सिड गेला. ज्या माणसाच्या नसण्यावर इतकी गाणी झाली, तो पुढची कित्येक वर्षं तिथेच, लंडनपासून दीड-दोन तासांवर राहत होता.

सुरुवात कुठून करायची?

फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्सनं मुंबईत 'डार्क साइड' अख्खा वाजवला होता, त्यामुळे आपल्याकडे बरेच जण तिथूनच सुरू करतात. माझी शिफारस 'विश यू वर हिअर'ची. पाऊण तासापेक्षा कमी वेळ लागतो. मग 'डार्क साइड', मग 'द वॉल', आणि सिड कळावा म्हणून शेवटी 'पायपर'. फक्त शफल बंद ठेवा. 'द वॉल'च्या अगदी शेवटी एक आवाज वाक्याच्या मध्येच तुटतो. त्या वाक्याचा उरलेला तुकडा पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला आहे.