काखेतली गाठ आणि कलम चार

आपल्या देशात आजही लागू असलेला एक कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर दोनदा बोट फिरवलं की संपतो, इतका छोटा. त्याचं नाव साथरोग प्रतिबंधक कायदा. दुसऱ्या कलमाने सरकारला अधिकार दिला, की रेल्वेने किंवा इतर कुठल्याही मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करायची आणि ज्याच्यावर संशय येईल त्याला वेगळं काढून ठेवायचं. तिसऱ्यात, हे न ऐकणाऱ्याला शिक्षा. आणि चौथ्यात, म्हणजे शेवटच्या कलमात, सद्भावनेने हे काम करणाऱ्यावर कुणालाही दावा लावता येणार नाही, असं आश्वासन.

मार्च २०२० मध्ये हाच कायदा महाराष्ट्रात लागू झाला, तेव्हा मी पुण्याचं ऑफिस सोडून गुलमंडीतल्या घरी लॅपटॉप उघडून बसले होते. बातम्यांत त्याचं नाव सारखं येत होतं म्हणून तो शोधून वाचला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी तरी कधी तरी लिहिलेली एखादी ओळ असते. ती का लिहिली हे कुणाला आठवत नाही, आणि काढायची हिंमत कुणी करत नाही. चौथं कलम वाचताना मला तसंच वाटलं. ती ओळ का लिहिली गेली हे शोधत गेले आणि थेट विमानतळावरच्या पडद्यामागे पोचले.

फलाटावरची रांग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे निघाली. घाईने पळायचं तर आगगाडी हाच मार्ग. त्यामुळे सरकारने माणसं जिथे हमखास सापडणार तिथेच त्यांना गाठलं: फलाटावर.

कल्याणसारख्या स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून रांगेत उभं केलं जायचं. डॉक्टर चेहरा बघायचा, ताप बघायचा, मग काख आणि जांघ चाचपायचा. प्लेगची गाठ तिथेच येते, त्यामुळे तपासणीला वैद्यकीय कारण होतंच. पण परपुरुषासमोर पदर ढळू न देणाऱ्या बाईच्या काखेत भर फलाटावर अनोळखी हात जाणं, ही गोष्ट वैद्यकीय कारणाने पचणारी नव्हती. ओरड झाल्यावर काही ठिकाणी बायकांसाठी आडोसा आणि स्त्री-डॉक्टर आले. तपासणीचा खरा भार मात्र तिसऱ्या वर्गावर पडायचा. पहिल्या वर्गाच्या डब्यातल्या साहेबाकडे संशयाने बघायची रीत नव्हती.

आमच्या शहरात तेव्हा रेल्वे आलेलीच नव्हती. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज १९०० च्या सुमाराची. पण सामान उघडून दाखवण्याची सवय मराठवाड्याला वेगळ्या वाटेने होती. निजामाच्या राज्यात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द अजून येतो. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात कार्यकर्त्यांनी या नाक्यांवर हल्ले केले, त्यामागे नाक्यावरच्या अरेरावीचा रागही असणार.

पुणे, मार्च ते मे

पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकतो, पण शेवटाकडून. २२ जून १८९७ ची रात्र, व्हिक्टोरिया राणीचा हीरक महोत्सव, गणेशखिंड रस्ता, चापेकर बंधू. त्या तारखेच्या नावाचा चित्रपटसुद्धा आहे. मला मात्र त्याआधीचे तीन महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचा प्रमुख झाला. मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरून रोगी शोधत होत्या. देवघरात बूट गेले, सामान रस्त्यावर आलं, जाळलं गेलं. माणसांना घराबाहेर काढून तपासलं गेलं, त्यात बायकाही होत्या. आणि कागदावर? कागदावर लोकांच्या धर्मभावना जपा, बायकांशी सभ्यतेने वागा, अशा सूचना होत्या.

साथ खोटी होती असं नाही. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला याच पुण्यात गेल्या. टिळकांचाही उपाययोजनेला सरसकट विरोध नव्हता. त्यांनी स्वतः प्लेगचं रुग्णालय चालवलं. त्यांचं भांडण पद्धतीशी होतं. रँडच्या खुनानंतर ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल त्यांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. आमच्या गुलमंडीतून पैठण गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला टिळक पथ म्हणतात. तिथे पार्किंग शोधताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही येत नव्हतं.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे. वय ३१. वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं, की शिपायांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यातल्या एकीने नंतर जीव दिला. पुण्यातल्या प्लेग रुग्णालयात बायकांचे काय हाल होतात, याबद्दल पंडिता रमाबाईंचं पत्रही त्याआधी मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात छापून आलं होतं. सरकारने गोखल्यांकडे पुरावा मागितला. ते परतले, तेव्हा पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणीही उघडपणे पुढे यायला तयार नव्हतं. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल पुढे कितीतरी वर्षं लोक त्यांना टोचत राहिले.

आता चौथं कलम पुन्हा वाचा. दावा लावता येणार नाही. म्हणजे झडती घेणारा, चौकशी करणारा आणि पुरावा पुरेसा आहे की नाही हे ठरवणारा, तिन्ही एकच. अशा वेळी कुठली बाई आपलं नाव सांगेल? आरोपाचा खरेखोटेपणा तपासायची जागाच ठेवलेली नव्हती. संतापाला जायला वाट नव्हती, आणि शेवटी तो पिस्तुलातून बाहेर आला. रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट मेले, तीन चापेकर आणि महादेव रानडे फासावर गेले. पुढच्या वर्षी, ९ मार्च १८९८ ला, मुंबईत मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. तिथे विणकर मुसलमानांची वस्ती होती. पुण्याचे ब्राह्मण आणि मदनपुऱ्याचे विणकर यांच्यात दुसरं काही सारखं नसेल, पण घरातल्या बाईला कोण हात लावतो, यावर दोघांचाही तोल सुटला.

त्यात एक क्रूर गंमत अशी, की प्लेग मुख्यतः पसरत होता तो उंदरांवरच्या पिसवांमुळे. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये ते दाखवून दिलं, आणि सर्वमान्य व्हायला त्यानंतरही काही वर्षं लागली. सरकार माणसांच्या काखा चाचपत होतं तेव्हा पिसवा धान्याच्या पोत्यांतून, कपड्यांच्या गाठोड्यांतून विनातिकीट प्रवास करत होत्या.

मेटल डिटेक्टरची चौकट

विमानतळावरची झडतीही एकेका घटनेनंतर वाढत गेली. ३० जानेवारी १९७१ ला ‘गंगा’ विमान लाहोरला पळवलं गेलं. सप्टेंबर १९७६ मध्ये आणखी एक अपहरण झालं, आणि त्यानंतरच्या समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा वेगळा कक्ष निघाला. १९८५ मध्ये ‘कनिष्क’च्या स्फोटात ३२९ माणसं गेली, १९८७ मध्ये तो कक्ष स्वतंत्र संस्था झाला. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागले. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं लपवली, म्हणून बूट काढायला लावू लागले. २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट सापडला, म्हणून शंभर मिलीपेक्षा मोठी बाटली नाही.

प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी मृत्यू आहे, किंवा थोडक्यात टळलेला मृत्यू आहे. म्हणून ‘झडतीच नको’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण १८९७ मधला दुसरा प्रश्न इथेही उरतोच: जिथे हात घालतोय तिथेच धोका आहे का? ‘कनिष्क’मधला बाँब सामानात होता, आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. प्रवाशांचे खिसे कितीही उलटे केले असते तरी तो सापडला नसता. अमेरिकेत २०१५ मध्ये सरकारच्याच तपासनिसांनी लपवून शस्त्रं आणि नकली बाँब नेऊन पाहिले. ७० पैकी ६७ वेळा ते सुटले, अशी बातमी आली.

त्याच अमेरिकेत २०१० मध्ये अंगावरचे कपडे भेदून शरीराची आकृती दाखवणाऱ्या स्कॅनरवरून मोठा वाद झाला. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी ‘आम्ही स्कॅनरमधून जाणार नाही’ अशी मोहीम निघाली. एका नागरी हक्क संस्थेने खटला भरला. कोर्टाने स्कॅनर थांबवले नाहीत, पण जनतेचं म्हणणं ऐकल्याशिवाय असा नियम आणायला नको होता, असं २०११ मध्ये बजावलं. पुढे तिथल्या संसदेने सॉफ्टवेअर बदलण्याची सक्ती केली: पडद्यावर प्रवाशाचं शरीर न दिसता सगळ्यांसाठी एकच रेखाचित्र दिसेल आणि संशयाच्या जागी फक्त चौकोन उमटेल. ज्या मशीनना ते जमलं नाही, ती २०१३ मध्ये काढून टाकली गेली. एक इंजिनिअर म्हणून हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सुरक्षा हवी की अब्रू, असं भांडण दोन वर्षं चाललं होतं, आणि त्याचा निदान एक भाग तरी प्रोग्रॅम नीट लिहिल्यावर सुटला. मात्र तो आपोआप लिहिला गेला नाही. कुणीतरी कोर्टात गेलं, आणि कोर्टात जायची वाट उघडी होती.

कुणाची झडती, कुणाची बातमी

आपल्याकडे या विषयावर वाद पेटतो तो नावांवरून. संरक्षणमंत्री असताना जॉर्ज फर्नांडिस यांची अमेरिकेच्या विमानतळावर कपडे उतरवून झडती झाल्याचं स्ट्रोब टॅलबट यांनी पुस्तकात लिहिलं, तेव्हा संताप झाला. २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकन विमान कंपनीने अब्दुल कलाम यांना तपासलं, संसदेत गदारोळ झाला. कलाम स्वतः मुकाट रांगेत उभे राहिले होते. २०१० मध्ये राजदूत मीरा शंकर यांना साडी नेसल्यामुळे बाजूला घेऊन चाचपलं गेलं. प्रत्येक वेळी मुद्दा ‘देशाचा अपमान’ हा होता. आपल्याच विमानतळांवर झडतीतून सूट असलेल्या पदांची लांबलचक यादी आहे, आणि २०१५ पर्यंत त्यात रॉबर्ट वाड्रा यांचं नाव कुठलंही पद नसताना होतं. पहिल्या वर्गाचा डबा अजून सुटलेला नाही.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्यामुळे चौकटीतून जाताना दर वेळी शिट्टी वाजते. एका विमानतळावर तिला पडद्यामागे साडी गुडघ्यांच्या वर उचलून व्रण दाखवायला लावले. कॉन्स्टेबल बाई उद्धट नव्हती, घाईत होती. बाहेर आल्यावर आईने निऱ्या नीट केल्या आणि मला विचारलं, “सगळ्यांना असंच करतात ना गं?” तिला अपमान झाला की नाही, हे त्या उत्तरावर ठरवायचं होतं. घरी येऊन मी ऑनलाइन तक्रार केली. क्रमांक आला. आठवड्याने त्यापुढे ‘बंद’ असं लिहून आलं, उत्तर काहीच नाही. रोज बग बंद करणाऱ्या माणसाला त्या ‘बंद’चा अर्थ कळतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, असा व्हिडिओ टाकला, तेव्हा सुरक्षा दलाने माफी मागितली. ती योग्यच होती. पण आईच्या गुडघ्यांचा व्हिडिओ कुणी पाहिला असता?

कलम तिथेच आहे

मार्च २०२० मध्ये परदेशातून मुंबईत उतरलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारायला सुरुवात झाली. चार दिवसांत तसा शिक्का असलेल्या प्रवाशांना पालघरला गाडीतून उतरवल्याची बातमी आली. फलाट, प्रवासी, संशय. सगळं ओळखीचं. त्याच ऑगस्टमध्ये आमच्या शहरातल्या खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यात याच साथरोग कायद्याचाही आधार घेतलेला होता. साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधतं, असं न्यायमूर्तींनी सुनावलं. माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर हे कोर्ट आहे. १८९७ मध्ये फलाटावर उभ्या केलेल्या बाईला असं कुठलं दार नव्हतं.

२०२० मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवली. ती गरजेची होती. चौथ्या कलमाला मात्र हात लागला नाही. तपासणाऱ्याला संरक्षण वाढलं, तपासला जाणारा होता तिथेच राहिला.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्यात हात घालायचा तर कसोट्या सांगितल्या: त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. रँडची तपासणी यातल्या पहिल्या दोन कसोट्यांना उतरली असती. कायदा होता, हेतूही रास्त होता. ती नापास झाली असती तिसऱ्या कसोटीवर, आणि हे बजावायला कोर्टच नव्हतं.

आता चेहरा ओळखून आत सोडणारी यंत्रणा आली आहे. रांग लहान होईल, कुणी हात लावणार नाही, आईला ते आवडेलही. पण तिचा चेहरा किती दिवस ठेवला, कुणी पाहिला, चुकीचा जुळला तर दाद कुठे मागायची, याची उत्तरं तिकिटाच्या मागे मराठीत छापलेली असावीत, आणि तक्रार केल्यावर ‘बंद’ लिहिण्याआधी एका माणसाने आपलं नाव घालून कारण कळवावं. एवढं लिहून द्यायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. मी हे काम रोज करते, म्हणून सांगते.