स्पर्शभयाचा वारसा : गोव्यातील १९८९ चे विलगीकरण

रोगाविषयीचे शास्त्रीय ज्ञान वाढले की रोग्याविषयीचा राज्यव्यवहारही त्याच गतीने सुधारतो, असा समज सामान्यतः आढळतो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. पुढील वर्षी साथरोग कायदा झाला आणि तपासणी, सक्ती व विलगीकरण ही साथनिवारणाची त्रिसूत्री शासनव्यवहारात रूढ झाली. हीच त्रिसूत्री सुमारे नव्वद वर्षांनंतर गोव्यात एका सर्वस्वी भिन्न रोगास लावण्यात आली.

एड्सची पहिली वैद्यकीय नोंद १९८१ सालच्या जूनमध्ये अमेरिकेत झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला आणि १९८५ पासून रक्तचाचणी उपलब्ध झाली. हा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, शरीराच्या प्रतिकारशक्तीचा आधार असलेल्या पांढऱ्या पेशींचा नाश करतो; एड्स ही त्या संसर्गाची उत्तरावस्था होय. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि बाधित मातेकडून अपत्याकडे, एवढेच त्याच्या प्रसाराचे मार्ग. स्पर्श, सहभोजन, श्वास अथवा डास यांमुळे तो पसरत नाही. त्याच्या प्रसाराचे हे स्वरूप १९८९ पूर्वीच वैद्यकशास्त्रास ज्ञात होते.

तथापि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधित व्यक्तीस वेगळे ठेवण्याची तरतूद होती. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा ह्या तरुणास तिच्या आधारे ताब्यात घेण्यात आले. ते रक्तदाते होते. रक्तदानातूनच त्यांच्या संसर्गाचा शोध लागला होता. जुन्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत त्यांना ६४ दिवस एकाकी ठेवण्यात आले. त्यांच्या मातोश्री ल्यूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. परंतु न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. १९९२ साली डॉमिनिक यांचे निधन झाले. बाधितांच्या साहाय्यार्थ 'पॉझिटिव्ह पीपल' ह्या संस्थेची उभारणी त्यांनीच आरंभिली होती.

ह्या प्रकरणात शासनाचा हेतू लोकरक्षणाचा होता, हे मान्य केले तरी उपाय निष्फळच ठरतो. स्पर्शाने न पसरणाऱ्या रोगात एकास कोंडल्याने इतरांचे रक्षण होत नाही. उलट चाचणी म्हणजे कैद असे समीकरण रूढ झाल्यास लोक चाचणीच टाळतात आणि संसर्ग अज्ञात राहून वाढतो. रक्तदात्यांचे रक्त तपासणे, कंडोमचा वापर आणि निर्जंतुक सुया हेच खरे प्रतिबंधक उपाय होत.

पुढे परिस्थिती पालटली. १९९६ पासून संयुक्त औषधोपचार प्रचारात आले. भारतात २००४ पासून ते शासनातर्फे विनामूल्य मिळू लागले. नियमित उपचाराने रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके घटले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. २०१७ च्या कायद्याने संमतीविना चाचणी करण्यास, तसेच बाधितांविषयीच्या भेदभावास प्रतिबंध केला.

कायद्याने मान्यता दिलेले हे तत्त्व विज्ञानाने तीन दशकांपूर्वीच सिद्ध केले होते. म्हणूनच प्रसारमार्गांचे ज्ञान तरुणांना देणे हा केवळ आरोग्यशिक्षणाचा भाग ठरत नाही. कोणती कृती धोक्याची व कोणता सहवास निर्धोक, हा विवेक ज्या समाजात नसतो, तो स्वसंरक्षणाच्या नावाखाली निरपराधांस कोंडतो आणि स्वतः मात्र असुरक्षितच राहतो.