एका रात्रीचा संघ : फॅंटसी बास्केटबॉल आणि ‘कौशल्य’ या शब्दाचा प्रवास

१/ २९ नोव्हेंबर २०१२. सॅन अँटोनियो स्पर्सचा सामना मायामीत होता. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना विश्रांतीसाठी सामन्याआधीच घरी धाडले. एनबीएने संघाला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. ही गोष्ट वेळेवर कळवली नाही, हाही ठपका त्यात होता.

२/ त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ड्राफ्टकिंग्ज ही कंपनी स्थापन झाली. ‘आज रात्री कोण खेळणार नाही’ या बातमीला त्यानंतर रोख मोल आले. ही कथा त्या बातमीची आहे, तशीच ‘कौशल्य’ या कायद्यातील एका शब्दाचीही.

३/ मूळ खेळ संथ होता. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये काल्पनिक बेसबॉल लीग सुरू केली. एका फ्रेंच उपाहारगृहावरून तिला ‘रोटिसेरी’ हे नाव पडले. लिलावात खरे खेळाडू घ्यायचे आणि पूर्ण हंगामभर त्यांची आकडेवारी मोजायची. एखाद्या दिवसाची दुखापत महिन्यांच्या हिशेबात विरून जाई. येथे कौशल्य म्हणजे खेळाडूची दीर्घ पारख.

४/ २००६ मध्ये अमेरिकेने ऑनलाइन जुगाराच्या पैशांची वाट अडवणारा कायदा केला आणि फॅंटसी खेळांना त्यातून वगळले. अटी अशा : बक्षिसे आधी जाहीर असावीत, निकालात खेळणाऱ्याचे ज्ञान व कौशल्य दिसावे आणि तो अनेक सामन्यांतील वैयक्तिक आकडेवारीवर ठरावा.

५/ ‘अनेक सामने’ म्हणजे किती दिवसांचे, हे कायद्याने सांगितले नव्हते. २००९ मध्ये एडिनबरोच्या एका कंपनीने फॅनड्युएल सुरू केले आणि हंगाम एका रात्रीवर आला. एकाच रात्रीच्या किमान दोन सामन्यांतून खेळाडू निवडले की अट पूर्ण होई.

६/ ड्राफ्टकिंग्जवर बास्केटबॉलसाठी ५०,००० काल्पनिक डॉलरमध्ये आठ खेळाडू घ्यायचे असतात. प्रत्येक रीबाउंडला १.२५, असिस्टला १.५, स्टील व ब्लॉकला प्रत्येकी २ गुण. चेंडू गमावल्यास अर्धा गुण वजा. एनबीएने स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून ठेवायला सुरुवात केली. त्यापूर्वी असा हिशेब मांडताच आला नसता.

७/ बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात आणि सामना ४८ मिनिटांचा. म्हणजे संघाकडे वाटायला एकूण २४० मिनिटे. तारांकित खेळाडू बसला की त्याची मिनिटे दुसऱ्या कोणाला तरी द्यावीच लागतात. पण किमती आधीच ठरलेल्या असतात. त्यामुळे ३,००० डॉलरचा राखीव खेळाडू अचानक सोन्याच्या मोलाचा होतो. म्हणून निवड करणारा आधी दुखापतींची यादी वाचतो, मग नावे.

८/ मात्र ती बातमी सर्वांनाच मिळाली, तर आघाडी कुणालाच नाही. मोठ्या स्पर्धांत बक्षिसांचा मोठा वाटा पहिल्या काही क्रमांकांकडे जातो. तिथे इतरांनी टाळलेला, तरीही चमकण्याची शक्यता असलेला खेळाडू शोधावा लागतो. खेळाडूंच्या बरोबरीने प्रतिस्पर्ध्यांच्या मनाचाही अंदाज बांधावा लागतो.

९/ म्हणूनच कोणता खेळाडू किती टक्के लोकांनी निवडला, हा आकडा गोपनीय ठेवला जाई. २०१५ मध्ये ड्राफ्टकिंग्जच्या एका कर्मचाऱ्याकडून फुटबॉल स्पर्धेचा असा आकडा वेळेआधी प्रसिद्ध झाला. त्याच आठवड्यात त्याने फॅनड्युएलवर साडेतीन लाख डॉलर जिंकले होते. ती माहिती त्याला निवडीची मुदत संपल्यावर मिळाली, असे कंपनीने करवून घेतलेल्या चौकशीत आढळले. तरीही विश्वासाला तडा गेलाच.

१०/ त्याच वर्षी मॅकिन्झीच्या विश्लेषणात दिसले की, बेसबॉल हंगामाच्या पूर्वार्धात या स्पर्धांतील ९१ टक्के नफा अवघ्या १.३ टक्के लोकांनी मिळवला. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी याला जुगार ठरवून दोन्ही कंपन्यांना खेळ थांबवण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून हा खेळ वैध केला. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा टिकवला : यात कौशल्याचे पारडे जड आहे.

११/ हाच प्रश्न मुंबईतही आला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम११ हा कौशल्याचा खेळ मानला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारला आणि पैसे लावून खेळले जाणारे सर्वच ऑनलाइन खेळ बंद केले.

१२/ १.३ टक्क्यांचा आकडा कौशल्य नाकारत नाही, उलट ते सिद्ध करतो. ते कौशल्य होते रात्रंदिवस बातम्यांवर नजर ठेवणाऱ्या, संगणकाच्या साह्याने एकाच वेळी शेकडो संघ उतरवणाऱ्या मोजक्या लोकांपाशी. कौशल्य आहे की नाही, एवढेच न्यायालयांना विचारले गेले. कामावरून परतून, खेळाच्या प्रेमापोटी एकच संघ लावणारा माणूस कोणासमोर बसला आहे, हे त्याला कुणी सांगितले होते का, हा प्रश्न त्या निकालांबाहेरच राहिला.