मास्करेड (पुस्तक)

मास्करेड हे इंग्रज चित्रकार किट विल्यम्स यांनी लिहिलेले व चित्रित केलेले कोड्यांचे सचित्र पुस्तक आहे. लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने ते १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष पुरलेल्या एका सुवर्णालंकाराचे ठिकाण या पुस्तकातील चित्रांत सांकेतिक रीतीने दडवलेले होते. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुस्तकातील संकेत उकलून प्रत्यक्ष खजिना शोधण्याच्या साहित्यप्रकाराची सुरुवात सामान्यतः या पुस्तकापासून मानली जाते.

पार्श्वभूमी

प्रकाशक टॉम मॅश्लर यांनी विल्यम्स यांना आजवर कोणी केले नसेल असे चित्रपुस्तक करण्यास सुचवले. वाचक चित्रे केवळ चाळून पुढे जातात. त्यांनी ती बारकाईने न्याहाळावीत, या हेतूने विल्यम्स यांनी खजिन्याची कल्पना योजली. त्यांनी १८ कॅरेट सोन्याचा, रत्नजडित ससा स्वतः घडवला. मातीपासून त्याचे रक्षण व्हावे आणि धातुशोधक यंत्राला तो सापडू नये, म्हणून तो सशाच्याच आकाराच्या सिरॅमिक पेटीत ठेवण्यात आला. ऑगस्ट १९७९ मध्ये रात्रीच्या वेळी ही पेटी पुरण्यात आली. त्या वेळी दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध सूत्रसंचालक बॅम्बर गॅस्कॉइन साक्षीदार म्हणून उपस्थित होते.

स्वरूप

पुस्तकात १५ तपशीलवार चित्रे आहेत. चंद्राने सूर्याला पाठवलेली प्रेमाची भेट जॅक हेअर हा ससा घेऊन निघतो आणि ती वाटेत हरवतो, असे त्याचे कथानक आहे. प्रत्येक चित्रात एक ससा लपवलेला असून चित्राभोवतीच्या चौकटीत अक्षरे लिहिलेली आहेत. कथेत अनेक कोडी विखुरलेली आहेत. मात्र मुख्य कूट चित्रांमध्येच आहे. दूरच्या वाचकांनाही समान संधी मिळावी, म्हणून टपालाने आलेले पहिले अचूक उत्तर ग्राह्य धरले जाईल, असे विल्यम्स यांनी जाहीर केले होते.

कूट आणि त्याची उकल

चित्रातील प्रत्येक माणसाच्या व प्राण्याच्या डाव्या डोळ्यापासून डाव्या हाताच्या सर्वांत लांब बोटातून एक सरळ रेषा काढली, की ती चौकटीतील एका अक्षरावर पोहोचते. हीच कृती पुढे डावा पाय, उजवा हात व उजवा पाय यांच्याबाबत करावयाची असते. हाताच्या जागी पंजा, पंख किंवा पर असला, तरी नियम तोच राहतो. चित्रात न दिसणारे डोळे व बोटे वगळावी लागतात. या पद्धतीचा इशारा आयझॅक न्यूटन यांच्या चित्रात दिलेला आहे.

अशा रीतीने प्रत्येक चित्रातून एक शब्द किंवा शब्दसमूह मिळतो. त्यांतून तयार होणाऱ्या वाक्याचा आशय असा, की विषुवदिनी मध्यान्ही कॅथरिनचे लांब बोट ज्या जागेवर सावली टाकते, तेथे पिवळा ताईत पुरलेला आहे. या १५ घटकांची आद्याक्षरे क्रमाने वाचली असता ‘अँपथिलजवळ’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द मिळतात.

बेडफर्डशायरमधील अँपथिल पार्क येथे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची पहिली पत्नी कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉन हिच्या स्मरणार्थ १७७३ मध्ये उभारलेला क्रूस आहे. ‘लांब बोट’ म्हणजे हाच क्रूस. त्या ठिकाणचे अक्षांश सुमारे ५२° उत्तर असल्याने विषुवदिनी मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ३८° उंचीवर असतो. त्यामुळे सावली नेमकी उत्तरेकडे पडते व तिची लांबी वस्तूच्या उंचीच्या सुमारे १.२८ पट असते. परिणामी सावलीच्या टोकावरून पुरलेली जागा निश्चित करता येते. हा योग मार्च व सप्टेंबर असा वर्षातून दोनदा येतो.

शोध आणि वाद

पुस्तक प्रसिद्ध होताच अनेक ठिकाणी खोदकाम सुरू झाले. ग्लॉस्टरशायरमधील हेअरसफील्ड बीकन या टेकडीच्या नावात सशासाठीचा इंग्रजी शब्द येत असल्याने शोधकांनी तेथेही गर्दी केली.

फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘केन थॉमस’ या नावाने विल्यम्स यांना एक रेखाचित्र आले. त्यात जागा बरोबर दाखवलेली होती. परंतु पाठवणाऱ्याने मुख्य कूट सोडवले नसल्याचे लवकरच स्पष्ट झाले. त्यानंतर थोड्याच अवधीत माइक बार्कर आणि जॉन रूसो या भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांचे संपूर्ण व अचूक उत्तर पोहोचले. त्यांनी आधीच अँपथिल येथे खोदकाम केले होते. पण उकरलेल्या मातीतील पेटी त्यांच्या लक्षात आली नसावी, असे मानले जाते. बक्षीस मात्र ‘थॉमस’ यांनाच मिळाले.

डिसेंबर १९८८ मध्ये द संडे टाइम्स या वृत्तपत्राने ‘केन थॉमस’ म्हणजे ड्युगाल्ड थॉम्पसन असल्याचे उघड केले. थॉम्पसन यांच्या व्यावसायिक भागीदाराची विल्यम्स यांच्या पूर्वीच्या सहचरीशी ओळख होती आणि तिच्या माहितीवरून अँपथिलचा अंदाज बांधण्यात आला, असे त्या वृत्तात म्हटले होते. थॉम्पसन यांनी ‘हेअरसॉफ्ट’ ही कंपनी काढून, ससाच बक्षीस म्हणून ठेवत, १९८४ मध्ये ‘हेअररेझर’ हा संगणकीय खेळ विक्रीस आणला होता. कंपनी बुडाल्यानंतर १९८८ मध्ये सदबीजच्या लिलावात ससा ३१,९०० पौंडांना विकला गेला. २००९ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाच्या निमित्ताने विल्यम्स यांना तो पुन्हा पाहता आला.

प्रभाव

या शोधाचा इतिहास गॅस्कॉइन यांनी १९८३ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. विल्यम्स यांनी १९८४ मध्ये शीर्षक न छापलेले दुसरे कोडेपुस्तक काढले. त्यात दडलेले शीर्षक ओळखून ते लिखित शब्दांवाचून व्यक्त करण्याचे आव्हान वाचकांपुढे होते. याच प्रकारातील अमेरिकेतील ‘द सीक्रेट’ (१९८२) या पुस्तकातील १२ पेट्यांपैकी शिकागो, क्लीव्हलंड व बॉस्टन येथील तीन सापडल्या आहेत. फ्रान्समध्ये १९९३ मध्ये सुरू झालेल्या सोनेरी घुबडाच्या शोधाची समाप्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली.