वेबसाइटसाठी आजही मोजकेच रंग वापरायचे का?

वेब डिझाइन शिकताना 'वेब-सेफ रंग' हा शब्द तुमच्या कानावर पडला असेल. वेबसाइटवर ठरावीक २१६ रंगच वापरा, असा तो नियम. आज तो पाळायची गरज नाही. पण म्हणून कुठलाही रंग कुठेही चालतो, असं मात्र नाही.

२१६ आले कुठून?

१९९० च्या दशकात बरेच कॉम्प्युटर एका वेळी २५६ रंगच दाखवू शकायचे. विंडोज आणि मॅकचे ठरलेले रंगही तंतोतंत सारखे नव्हते. म्हणून लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ६ पायऱ्या धरल्या: ६ × ६ × ६ = २१६. १९९९ मध्ये आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हाही हा नियम शिकवला जात होता. आता साध्या फोनवरही प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग.

मग आता अडतं कुठे?

उन्हात. मे महिन्यात गोंदियात भर दुपारी धान खरेदी केंद्राबाहेर फोन उघडून बघा. काचेवरून परतणारा उजेड अक्षरांवरही पडतो आणि मागच्या पांढऱ्या रंगावरही. दोघांतला फरक कमी होतो आणि फिकट अक्षरं गायब होतात.

हा फरक मोजता येतो, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. डब्ल्यूसीएजी या जागतिक नियमावलीच्या 'एए' पातळीनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा, मोठ्या अक्षरांना ३:१. पांढऱ्यावर करडा रंग घ्या. तिन्ही आकडे ११८ असले तर ४.५४, म्हणजे पास. ११९ केले की ४.४८, म्हणजे नापास! १७० चा फिकट करडा दिसतो छान, पण त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.३ भरतो.

मी काम करताना काय पाळतो?

- क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या कलर पिकरमध्ये कॉन्ट्रास्टचा आकडा बघतो.
- 'मंजूर' हिरवा आणि 'नामंजूर' लाल एवढ्यावर थांबत नाही, शब्दही लिहितो. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसतच नाही.
- तयार झालेलं पान स्वस्त फोनवर, ब्राइटनेस निम्मा ठेवून, उन्हात उभं राहून वाचतो.

रंग हवे तेवढे निवडा. पण आपला अर्ज मंजूर झाला की नाही, हे शेतकऱ्याला बांधावर उभं राहून वाचता आलं पाहिजे.