काकांच्या तिसऱ्या गुणसूत्रात कोण होतं?

२०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात सगळ्यांनाच कोविड झाला. मला दोन दिवस ताप आला. काका मात्र गेले. त्यांनाच का, याचं उत्तर शोधताना मी निअँडरथल माणसापाशी पोचले.

१९९७मध्ये स्वांते पाबो आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत सापडलेल्या निअँडरथलच्या हाडातून मायटोकाँड्रियाचा डीएनए वाचला. तो आपल्याशी जुळला नाही. हा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे साक्ष एकतर्फी. तरी दोघांचा संकर झाला नसावा, असंच बहुतेकांना वाटलं. मग २०१०मध्ये क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या तीन हाडांवरून अख्ख्या जनुकसंचाचा मसुदा तयार झाला. तो आजच्या पाच माणसांशी ताडून पाहिला : एक फ्रेंच, एक चिनी, एक पापुआ न्यू गिनीचा आणि दोघे आफ्रिकेतले, सान आणि योरुबा. आफ्रिकेबाहेरचे तिघंही निअँडरथलच्या जास्त जवळचे निघाले. मला गंमत वाटते ती पापुआच्या माणसाची. तिकडे निअँडरथलचं एक हाडही सापडलेलं नाही! म्हणजे आपले पूर्वज आफ्रिकेतून निघून जगभर पांगण्याआधीच वाटेत कुठेतरी ही सोयरीक झाली असणार.

२०२०मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि पाबो यांनी दाखवलं, की तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे ५० हजार अक्षरांचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलाय, आणि तो असलेल्यांना कोविड गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. युरोपात तो साधारण १६ टक्के लोकांत आहे. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या.

खरं सांगते, हे वाचून आधी हायसं वाटलं. गुन्हेगार सापडला, तोही ५० हजार वर्षांपूर्वीचा. पण काकांचा डीएनए कुणी तपासला नव्हता. ते ६८ वर्षांचे होते, मधुमेह होता. वय तर या तुकड्यापेक्षा कितीतरी भारी पडतं. शिवाय २०२१मध्ये याच दोघांनी बाराव्या गुणसूत्रावरचा आणखी एक तुकडा दाखवला. तो असला तर गंभीर आजाराचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. तोही निअँडरथलांचाच.

काकूला हे सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तो पहिला तुकडा तुझ्यातही असेल?"

असेल. मी अजून तपासून घेतलेलं नाही.